खिंडीवरचं झाड

आमच्या डोंगरातली गावं हवेच्या बाबतीत खोटं बोलतात. सगळी बोलतात. मी मलिनाऊच्या विमानतळावर एका छोट्या कंपनीचा रेडिओ सांभाळते आणि प्रवाशांना, त्यांच्या गाठोड्यांना, कोंबड्यांना तराजूवर उभं करून वजनं घेते. त्यामुळे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. सकाळी एकेका गावाला हाक मारायची, हवा कशी आहे विचारायचं, की पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, "छान आहे, एकदम छान, या!" मग पायलट जाऊन बघतो तर दरी ढगाने काठोकाठ भरलेली. एकदा असंच विमान अर्ध्या वाटेवरून परत आलं, तेव्हा मी त्या गावच्या रेडिओवाल्याला चांगलंच फैलावर घेतलं. तर तो शांतपणे म्हणतो, "उबुंगताई, मी सांगितलं तेव्हा छानच होती की. आणि आमच्या लग्नाची साखर तुमच्याकडे पडून आहे, त्याचं काय?"

त्यांना तरी किती दोष देणार? वर रस्ता नाही. नदीने यायचं तर खडकांमधून होडी ओढत ओढत यावं लागतं, आणि पाणी चढलेलं असलं की होडीही जाते आणि माणसंही. मीठ, साखर, औषध, शाळामास्तर, सगळं विमानातून येतं. विमान यावं असं वाटत असेल तर हवा छान सांगावी लागते, हे तिथल्या पोराटोरांनाही कळतं. पायलटही काही दूधखुळे नसतात. "छान" म्हणजे निम्मं आभाळ झाकलेलं आणि "थोडे ढग आहेत" म्हणजे आज विसरा, असा हिशेब त्यांनी मनाशी बांधलेला असतो.

लाँग तेनुआचा मेरांग तेवढा निराळा. मेरांग म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, असुंगचा नवरा, आणि त्या गावचा रेडिओवाला. "छान" आणि "वाईट" हे शब्द त्याच्या तोंडात कधी आलेच नाहीत. तेनुआला जायचं तर विमानाला डोंगरातल्या एका खिंडीतून आत शिरावं लागतं. त्या खिंडीच्या कडेवर मधमाश्यांचं एक उंच झाड एकटंच उभं आहे. मी हवा विचारली की मेरांग उठून बाहेर जायचा. बसल्या जागेवरून त्याने कधी सांगितलं नाही. रेडिओवर मला त्याचं बाकडं सरकल्याचा आवाज यायचा, मग नुसती खरखर, मग पुन्हा बाकडं, आणि मग तो म्हणायचा, "झाड दिसतंय." नाहीतर, "झाड दिसत नाही." फार झालं तर, "शेंडा दिसतोय, बुंधा नाही."

मी असुंगची थट्टा करायचे. "ताई, या माणसाने तुला कधी सुंदर तरी म्हटलंय का गं?"

"म्हटलं होतं ना," ती म्हणायची. "लग्नाच्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाला, नाक दिसतंय."

हसायला लागली की तिला आवरायचं नाही. ती गावात बसून हसायची आणि मी इकडे, आणि मधल्या सगळ्या गावांचे रेडिओवाले आमचं बोलणं ऐकत हसायचे.

त्यांना मूल झालं नाही. आमच्या केन्याह लोकांत माणसाचं नाव आयुष्यभर तसंच राहत नाही. मूल झालं की बापाला मुलाच्या नावाने हाक मारतात. बायको गेली की नवऱ्याच्या नावापुढे आबान लागतं, आणि मग ते सगळ्या गावाने पाळायचं असतं. मेरांगच्या बरोबरीच्या सगळ्यांची नावं बदलली. त्याचं तेवढं जसंच्या तसं राहिलं. तो साधा मेरांगच होता, आणि असुंगला त्याचं वाईट वाटायचं हे मला माहीत होतं.

आता पेटीचं सांगते.

आमच्या विमानात पायलटसमोर एक पेटी बसवलेली होती. वरच्या उपग्रहांकडून खुणा घेऊन आपण कुठे आहोत ते ती छोट्या पडद्यावर दाखवायची. या नदीवर आहात, पुढे हा डोंगर आहे, धावपट्टी त्या बाजूला. ती आल्यापासून पायलटांच्या जिवात जीव आला होता. मध्येच ढग लागला तरी तिच्याकडे बघत आल्या वाटेने सुखरूप परत फिरता यायचं. आमचे कॅप्टन नोल्डी, मनाडोचे, तोंडाने फटकळ पण हात विलक्षण हलका, ते तर तिला "माझी दुसरी बायको" म्हणायचे. "पहिलीपेक्षा बरी आहे, रस्ता चुकलो तर ओरडत नाही."

मग दुसऱ्या बायकोला वेड लागलं. एके दिवशी कॅप्टन आले ते पांढऱ्याफटक चेहऱ्याने. पेटी दाखवत होती की विमान पलीकडच्या दरीत आहे, आणि समोर काचेतून बघावं तर भलताच डोंगर अंगावर येतोय. उघडं आभाळ होतं म्हणून वाचले. आमच्याच नव्हे, त्या जातीच्या बऱ्याच पेट्यांनी ठिकठिकाणी असाच घोळ घातला होता. शेवटी जकार्ताहून हुकूम आला. त्या बनावटीची प्रत्येक पेटी विमानातून काढायची, नवीन बसवायची, आणि नवीन बसेपर्यंत नुसत्या डोळ्यांनी, उघड्या हवेत उडायचं. ढगाच्या जवळही जायचं नाही. हुकूम योग्य होता. त्यात खोट काढायला मला आजही जागा सापडत नाही, आणि याचाच जास्त राग येतो.

आमचे मेकॅनिक सुगेंग, आम्ही त्यांना मानाने पाक सुगेंग म्हणतो, त्यांनी पेटी काढली, तिला लाल चिठ्ठी बांधली आणि कपाटात कुलूप लावून ठेवली. विमानात तिच्या जागी भोक राहिलं, त्यावर पत्र्याचा तुकडा बसवला. नव्या पेट्या सगळ्यांनाच हव्या होत्या. आमची बालिकपापनच्या कुठल्याशा गोदामात अडकली होती. मी रोज फोन करायचे आणि रोज तिकडची मुलगी मला बू, म्हणजे बाई, म्हणत गोड आवाजात सांगायची, "निघालीच आहे, बू." तिला आमच्या एखाद्या गावात रेडिओवर बसवायला हवं होतं.

त्याच दिवसांत असुंग आजारी पडली.

सकाळच्या फेरीत मी तेनुआला हाक मारली तेव्हा मेरांग म्हणाला, "उबुंग, असुंगचं पोट दुखतंय. परवापासून. आधी सांगितलं नाही, तिने नको म्हटलं."

"नको म्हटलं म्हणजे? आणि तुम्ही ऐकलंत?"

"दवाखान्यातला माणूस म्हणतो, पोट लाकडासारखं कडक झालंय. आत काहीतरी फुटलंय. कापावं लागेल, शहरात न्या म्हणतो."

गावाच्या त्या दवाखान्यात तापाच्या गोळ्या आणि पट्ट्या, याशिवाय काही नाही. मी मागे वळून बघितलं तर कॅप्टन नोल्डी कॉफीचा पेला घेऊन दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "हवा विचारा," ते म्हणाले आणि पेला खाली ठेवून बूट बांधायला लागले.

"भावोजी, झाड?"

बाकडं सरकलं. खरखर. माझ्या मनात आलं, म्हण ना रे बाबा, दिसतंय म्हण. सगळी गावं साखरेसाठी खोटं बोलतात, तू बायकोसाठी बोल.

"दिसत नाही," मेरांग म्हणाला.

तेवढ्यात तिकडे काहीतरी झटापट झाली आणि दुसराच आवाज आला. गावचा मुखिया लाहांग. चांगला माणूस, पण आवाज असा की रेडिओ नसता तरी मलिनाऊपर्यंत आला असता. "दिसतंय! सगळं दिसतंय! झाड दिसतंय, नदी दिसतेय, आभाळ निळं आहे, ताबडतोब या!"

"लाहांगकाका, माईक द्या," मागून मेरांग म्हणत होता. "द्या म्हणतो ना."

"अरे येड्या, तुझी बायको मरायला टेकली!"

"माईक द्या." मग पुन्हा मेरांगचा आवाज, दम लागलेला. "उबुंग, नाही दिसत. कॅप्टनना सांग, नाही दिसत."

त्या क्षणी मला त्या माणसाचा इतका राग आला की समोर असता तर मी त्याच्या अंगावर तराजू घातला असता. आणि त्याच क्षणी त्याच्याइतका सरळ माणूस मी दुसरा बघितला नाही, हेही कळत होतं. कॅप्टननी बूट मात्र बांधूनच ठेवले.

मग वाट बघणं सुरू झालं. कॅप्टननी विमानातल्या मागच्या खुर्च्या काढून स्ट्रेचर बसवायला सांगितलं. मग मला पुन्हा रेडिओवर बसायला सांगितलं, कारण त्यांना असुंगच्या वजनाचा अंदाज हवा होता. तो नेहमीचाच प्रश्न, रोज मी दहा जणांना विचारते. "भावोजी, ताईचं वजन किती असेल?"

"आता हलकी झालीय," मेरांग म्हणाला.

मी ते कॅप्टनना सांगितलंच नाही. मनाने एक आकडा सांगितला आणि तोंड धुवायला गेले.

परत येताना हँगरमध्ये गेले. पाक सुगेंग विमानाखाली बसून नळी पुसत होते. मी म्हटलं, "पाक, कपाटातली पेटी बसवा."

ते जावामधले, मवाळ, कुणाला नाही म्हणायचं तर आधी चार वेळा मान हलवणारे. या वेळी एकदम म्हणाले, "नाही."

"चालू तर होते ना? पडदा तर उजळतो?"

"उजळतो. आणि चुकीचं दाखवतो."

"रोज थोडीच चुकते! एक दिवस. माझ्या बहिणीसाठी एक दिवस बसवा. कुणाला कळतंय?"

"बू उबुंग," ते हात पुसत उठले, "मला कळेल ना. ती चुकते तेव्हा चुकले म्हणून सांगत नाही हो. सांगत असती तर मी आत्ता बसवली असती."

विमानाच्या दुसऱ्या बाजूला कॅप्टन उभे होते, हे मला तोवर दिसलं नव्हतं. ते म्हणाले, "पेटी नसली तर मी निदान घाबरून उडतो. चुकीची असली तर बिनधास्त डोंगरात जाईन. जाऊ द्या, बाई. झाडाची वाट बघू."

त्यांच्या घाबरण्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी त्यांचा एक मित्र, आमच्याच कंपनीतला पायलट, अशाच एका बाईला आणायला दुसऱ्या एका दरीत गेला होता. हवा उघडी आहे असं त्या बाईच्या सख्ख्या भावाने सांगितलं होतं. भाऊ वाईट नव्हता. बहिणीचं रक्त थांबत नव्हतं, आणि त्याला आभाळ जसं हवं होतं तसं दिसलं. विमानाचे तुकडे शोधायला कॅप्टन नोल्डी स्वतः जंगलात गेले होते. तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला. ज्याच्या घरचा रुग्ण, त्याच्या एकट्याच्या तोंडची हवा धरायची नाही, शेजारच्या गावाकडून खात्री करून घ्यायची.

तेनुआचं शेजारचं गाव म्हणजे लाँग बिला. खिंडीच्या अलीकडे, तिथूनही ते झाड दिसतं. पण बिलाचा रेडिओ बंद होता, बॅटरी मेली होती. त्यांची नवी बॅटरी माझ्या तराजूखाली पडून होती. पेटीवाचून विमानाच्या फेऱ्या कमी झाल्या होत्या आणि बिलाची पाळी आली नव्हती. त्या दिवशी मी दर थोड्या वेळाने बिलाला हाका मारल्या. बॅटरीला पाय लागला की तिच्याकडे बघायचे.

दुपार उलटल्यावर मेरांगचा आवाज आला. मी हाक मारण्याआधीच आला.

"उबुंग, झाड दिसतंय."

मी उभीच राहिले. "नीट सांगा."

"शेंड्यापासून बुंध्यापर्यंत. खिंड उघडी आहे. नदी वळणापर्यंत दिसतेय. तिला धावपट्टीपाशी आणतो."

कॅप्टननी टोपी उचलली, दारापर्यंत गेले, आणि थांबले. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. ती पाठ मला अजून दिसते.

ते परत आले आणि माईक माझ्या हातातून घेतला. "पाक मेरांग, मी नोल्डी. झाड दिसतंय?"

"दिसतंय, कॅप्टन."

"तुमच्याजवळ कोण आहे?"

"सगळं गाव आहे."

"मुखिया आहे?"

"आहे."

आणि मग, कुणी विचारलं नसताना, लाहांगचा आवाज घुसला. "मीही सांगतो कॅप्टन, दिसतंय! देवाशपथ दिसतंय! निळं आभाळ आहे!"

शब्दन् शब्द सकाळचाच. कॅप्टननी डोळे मिटले. त्या बिचाऱ्या लाहांगला वाटलं असेल आपण मदत करतोय.

"बाई," कॅप्टन मला म्हणाले, "तुम्ही सांगा. याला तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता."

"तो खोटं बोलत नाही. सकाळी नाही दिसत म्हणाला, ऐकलंत ना? बायको शेजारी विव्हळत असताना म्हणाला!"

"सकाळी म्हणाला. त्याला किती तास झाले? गाव त्याच्या डोक्यावर बसलंय. ती शेजारी पडलीय. मी त्याच्या जागी असतो तर आत्तापर्यंत मला दहा झाडं दिसली असती."

"तुम्ही म्हणजे मेरांग नाही!"

"आणि तुमची ती बहीण आहे," ते हळूच म्हणाले. "तुमचं तरी मी कसं धरू?"

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. भेकड म्हटलं. मनाडोला जाऊन मासे विका म्हटलं. ते सगळं ऐकत उभे राहिले. शेवटी मी विचारलं, "दुसऱ्या कुणाची बायको असती, आणि मेरांगने सांगितलं असतं झाड दिसतंय, तर?"

"तर मी आत्ता हवेत असतो," कॅप्टन म्हणाले. "आणि पेटी असती तरी गेलो असतो. जाऊन बघितलं असतं, नसतं दिसलं तर परत फिरलो असतो. आत्ता त्या खिंडीपाशी ढगात सापडलो तर परत फिरायला मला काय आहे? पत्र्याचा तुकडा?"

ते बाहेर जाऊन विमानाच्या चाकापाशी बसले. उरलेलं काम माझं होतं.

"भावोजी, विमान येत नाहीये."

"का? झाड दिसतंय."

"कॅप्टन म्हणतात, खात्री नाही."

"मी सांगितलं ना," मेरांग म्हणाला. त्यात राग नव्हता. त्याला खरोखर कळत नव्हतं.

"हो, भावोजी."

"उबुंग, मी बाहेर जाऊन बघून आलो."

"हो. मला माहीत आहे."

त्यानंतर तो थोड्या थोड्या वेळाने येत राहिला. "झाड अजून दिसतंय." मी म्हणायचे, कळलं. पुन्हा काही वेळाने, "अजून दिसतंय." मी जाऊन कॅप्टनना सांगायचे. ते मान खाली घालून ऐकायचे, उठायचे, विमानाभोवती एक फेरी मारायचे आणि पुन्हा तिथेच बसायचे. एकदा ते पायलटच्या जागेवर चढून बसलेसुद्धा. समोरच्या पत्र्याच्या तुकड्यावर बोटं आपटत राहिले, आणि उतरले. मी त्यांना मनातल्या मनात शिव्या देत होते आणि रडत होते. खोलीत मुद्दाम येऊन पाक सुगेंग यांनी माझ्यासमोर पानात बांधलेला भात ठेवला, तो तसाच राहिला.

ऊन तिरपं झालं तेव्हा मेरांग पुन्हा आला.

"आता दिसत नाही," तो म्हणाला. "ढग आला."

तेही त्याने सांगितलं. विमान येणार नाही हे पक्कं झालेलं असताना, काही उपयोग नसताना सांगितलं. मी धावत जाऊन कॅप्टनना म्हटलं, "ऐकलंत? खोटं बोलणारा माणूस हे कशाला सांगेल?" त्यांनी वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. जाऊन उपयोग नव्हता, हवा खरंच गेली होती.

दिवस मावळताना आमची शेवटची फेरी असते. प्रत्येक गावाला हाक मारायची, तिथल्या माणसाने गावाचं आणि आपलं नाव सांगायचं, सगळं ठीक म्हणायचं आणि रेडिओ बंद करायचे. मी एकेक गाव घेत गेले. तेनुआ मुद्दाम शेवटी ठेवलं.

"लाँग तेनुआ."

मला पुन्हा हाक मारावी लागली.

"लाँग तेनुआ," तिकडून आवाज आला. "आबान मेरांग बोलतोय."

मधल्या सगळ्या गावांचे रेडिओ चालूच होते. कुणीही बंद केला नव्हता. ती सगळी माणसं तिथे बसली आहेत हे मला कळत होतं. मला म्हणायचं होतं, "ऐकलं, आबान मेरांग." नवीन नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्याने ते परत उच्चारायचं असतं, तशी आमच्यात रीत आहे. माझ्या तोंडून निघेना. शेवटी दुसऱ्याच एका गावचा माणूस, तोच साखरवाला, म्हणाला, "ऐकलं, आबान मेरांग." मग एकामागून एक सगळी गावं म्हणाली. सगळ्यात शेवटी मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात पेटी आली. इतकीशी. हातात धरली तर शिजवलेल्या भाताच्या पुडक्याएवढी. पाक सुगेंग यांनी पत्रा काढून ती बसवली, कॅप्टननी मलिनाऊवर घिरट्या घालून तपासली. जिथे नदी तिथे नदी, जिथे पूल तिथे पूल. उतरल्यावर ते माझ्याकडे आले. त्या दिवसानंतर आम्ही कामापुरतंच बोलत होतो.

"उद्या तेनुआला जातो," ते म्हणाले. "मीठ आहे, बिलाची बॅटरीही नेऊ, त्यांची माणसं तेनुआहून घेऊन जातील. तुम्हीही चला. तुम्हाला जायला हवं. मलाही."

दुसऱ्या दिवशी मी माझ्याच तराजूवर उभी राहिले. असुंगने कधीपासून मागितलेलं निळं सुती कापड माझ्या पिशवीत होतं. ते तिच्या थडग्यावर घालायचं असं मी ठरवलं होतं. निघण्याआधी रेडिओवर बसले आणि मन घट्ट करून हाक मारली.

"आबान मेरांग, आम्ही निघतोय. मी आहे, कॅप्टन नोल्डी आहेत. झाड?"

उत्तर लगेच आलं. "दिसत नाही."

बाकडं सरकल्याचा आवाज आला नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो उठून बाहेर गेला नव्हता.

कॅप्टन मागे उभे होते. मी त्यांना बाकड्याचं सांगितलं नाही. त्यांनी डोंगराच्या बाजूला बघितलं. मग म्हणाले, "पेटी आहे आता. जाऊन बघू. नसलं तर परत फिरू."

पेटीवर छोटं विमान नदीवरून सरकत होतं आणि खाली खरीखुरी नदी होती. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. खिंड जवळ आली तसे कॅप्टन पुढे वाकले. झाड उभं होतं. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत दिसत होतं, फांद्यांना लटकलेली मोहोळंही मोजता आली असती. कॅप्टननी पेटीकडे एकदाही बघितलं नाही. ते झाडाकडेच बघत राहिले, आणि विमान त्याच्या शेजारून आत शिरलं.

आबान मेरांग धावपट्टीच्या कडेला उभा होता. नेहमीसारखा, माल उतरवायला. केस कापलेले, आमच्यात शोकात कापतात तसे. मी त्याचा हात धरला. त्याने धरू दिला. मग तो मालाच्या दाराशी गेला आणि बिलाची बॅटरी खाली ओढायला लागला.

कॅप्टन टोपी हातात घेऊन त्याच्यामागे जाऊन उभे राहिले. त्यांना काय काय म्हणायचं होतं मला ठाऊक नाही. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "आबान मेरांग, झाड तर दिसतंय."

त्याने बॅटरी जमिनीवर ठेवली. झाडाकडे वळून बघितलं नाही.

"त्या दिवशीही दिसत होतं," तो म्हणाला.